पालकांच्या विनंतीवरून

सोमवार, १२ जानेवारी. डेलिया अ‍ॅलेक, दुसरी. नेण्याची वेळ: १०.२०. नेणारी व्यक्ती: आई. कारण: पालकांच्या विनंतीवरून.

व्हर्ना टेव्जने ही ओळ लिहिली तेव्हा सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. डेलियाची बस अजून पुलापलीकडे होती. त्याच पेनने व्हर्नाने मंगळवारची ओळ लिहिली, मग बुधवारची, गुरुवारची, शुक्रवारची. पाच ओळी, पाच विनंत्या. मग वही मिटून काउंटरच्या कोपऱ्यात सरकवली.

बावीस वर्षं ती या शाळेच्या कचेरीत बसत होती. मुलांच्या डोक्यातल्या उवा पाहिल्या होत्या, बर्फात पडून फुटलेले ओठ धुतले होते, कुणाच्या डब्यात महिनाभर राहिलेलं सँडविच दोन बोटांनी उचललं होतं. कशाची म्हणून किळस वाटली नव्हती. वाटायला लागली ती ऑक्टोबरपासून, आणि तीही एका छापील, स्वच्छ, सरळ आखलेल्या रकान्याची.

डेलिया सात वर्षांची. तोंडाने बोलत नाही. चित्रांचा एक पुठ्ठा असतो तिच्याकडे, हवं त्या चित्रावर बोट ठेवते. गोंगाट वाढला की बाही चावते. फारच वाढला की दाराकडे पळते. तिच्यापाशी दिवसभर कुणीतरी हवं. होतं. मारिबेल नावाची मदतनीस होती, आणि डेलियाला ती आवडायची. पण ऑक्टोबरपासून मारिबेलला साडेदहानंतर पाचवीच्या वर्गात पाठवायला लागले, कारण तिथला एक मुलगा खुर्च्या फेकत होता. डेलिया खुर्च्या फेकत नव्हती. खुर्च्या फेकणाऱ्याला मदतनीस मिळते. बाही चावणारीला न्यायला आई येते.

आईला बोलवायचं काम व्हर्नाचं.

मुख्याध्यापक कीथ बाल्डरसन रोज दहा वाजून पाच मिनिटांनी कचेरीच्या दारात उभा राहायचा, हातात गाजराच्या कापांची डबी. माणूस वाईट नव्हता. सगळ्या मुलांची नावं त्याला पाठ होती.

"व्हर्ना, ट्रिनाला एक फोन करतेस?"

एवढंच. 'मुलीला घरी पाठव' असं तो कधी म्हणाला नाही. शाळेने मुलाला घरी पाठवलं तर हजेरीत त्याला सात आकडा लागतो. सात लागला की तो जिल्हा कार्यालयात जातो, तिथून प्रांताकडे. पालकांनी आपणहून नेलं तर काहीच लागत नाही, मूल हजर. सगळ्या जिल्ह्यात तीन वर्षांत एकही सात लागला नव्हता. जिल्हा कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर त्याचा फलक होता: एकही मूल बाहेर नाही. त्याखाली हसणाऱ्या मुलांचा फोटो. फोटोतली मुलं दुसऱ्या कुठल्या तरी शहरातली होती, विकत घेतलेली.

१०.२०.

ट्रिना अ‍ॅलेक आली ती इस्पितळाच्या धुलाईखान्याच्या गणवेशातच. बुटांवरचा बर्फ झाडायलाही थांबली नाही.

"मिसेस टेव्ज, मला तिच्या हजेरीचा कागद हवाय. ऑक्टोबरपासूनचा."

"कशाला गं?"

"शाळा मंडळाकडे अपील केलंय. तिला पूर्ण दिवस बसू द्या म्हणून. ते म्हणतात पुरावा आणा."

व्हर्नाने कागद छापायला टाकला. ट्रिना याच शाळेत शिकली होती. व्हर्नाच्या नोकरीचं पहिलं वर्ष, ट्रिनाची दुसरी; घोळणा फुटला की ती या समोरच्याच खुर्चीत डोकं मागे टाकून बसायची. अजून 'मिसेस टेव्ज'च म्हणायची. बाकी सगळं गाव व्हर्ना म्हणत असे.

ट्रिनाने कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"एकसष्ट दिवस हजर. वा. मग मी रोज दहा वीसला कुणाला घेऊन जाते?"

"शेवटच्या रकान्यात कारण असतं बघ."

"पालकांच्या विनंतीवरून." ती थांबली. "पालक म्हणजे मी ना?"

"हो."

"फोन तुम्ही करता. तुम्ही म्हणता, ट्रिना, आज तिला नेलंस तर बरं. मी म्हणते, मी मशीनवर उभी आहे. तुम्ही म्हणता, कळतंय गं मला. मग मी येते. यात माझी विनंती कुठली? मशीनवर उभी आहे, ही?"

व्हर्नाने स्टेपलर उचलून जागच्या जागी ठेवला.

"आणि हे काय?" ट्रिनाचं बोट कागदाच्या मध्यावर थांबलं. "एकवीस नोव्हेंबर. त्या शुक्रवारी शाळा होती?"

भिंतीवरचं गेल्या वर्षाचं कॅलेंडर व्हर्नाने अजून काढलं नव्हतं. तिने पान मागे उलटलं. एकवीसचा चौकोन पिवळा: शिक्षकांचं प्रशिक्षण, मुलांना सुट्टी. त्या आठवड्यातही सोमवारी तिने पाच ओळी एका दमात लिहिल्या असणार, आणि वहीतल्या ओळी रात्री वाचून हजेरीत उतरवणाऱ्या यंत्राला काय, पिवळा चौकोन दिसत नाही.

"आम्ही पोहायला गेलो होतो," ट्रिना म्हणाली. "तिला पाण्याखालचा आवाज आवडतो. म्हणजे बघा, बंद शाळेतून माझी मुलगी लवकर घरी न्यायची मी विनंती केली, आणि तुम्ही ती मान्यही केलीत."

ती हसली. हसण्यात राग असता तर बरं झालं असतं. तिला खरोखर गंमत वाटली होती.

"मी हे नीट करते," व्हर्ना म्हणाली.

"नको. हात लावू नका याला. हेच तर हवंय मला." कागदाची घडी गणवेशाच्या खिशात गेली. "सुनावणी गुरुवारी चार वाजता आहे. तुम्हाला बोलावणारेय मी. याल?"

डेलिया आतून आली, ट्रिनाने तिची टोपी कानांवर ओढली आणि दोघी गेल्या.

मंगळवार, १३ जानेवारी. १०.२०. आई. पालकांच्या विनंतीवरून.

बातमी जिल्हा कार्यालयात पोचायला एक दिवस लागला. सर्वसमावेशक शिक्षणाच्या संचालिका लेनोर फिस्क स्वतः आल्या, डोनटचा खोका घेऊन. कीथच्या खोलीत तिघं बसली. लेनोर बोलल्या ते पुढे आहे. मधल्या जागा व्हर्नाच्या होत्या, आणि त्या तिने भरल्या नाहीत.

"व्हर्ना, आधी हे सांगते की तुमच्या कामाबद्दल आम्हाला किती आदर आहे."

—

"एक घ्या ना. मेपलचा चांगला असतो."

—

"या प्रवासात भाषा फार महत्त्वाची असते. कुणी घरी पाठवणं वगैरे म्हणतं तेव्हा मला त्रास होतो. आपण याला टप्प्याटप्प्याचा प्रवेश म्हणतो. प्रवेश. म्हणजे ती आत येतेय. येते ना रोज?"

—

"एक तास पन्नास मिनिटं येते. ते कमी नाही. तिच्या आराखड्यात प्रगतीही दिसते. बाईंनी लिहिलंय, दहा वाजून दहा मिनिटांनी ती आपली आपण बर्फाची विजार चढवते आणि दारापाशी जाऊन बसते. कुणी न सांगता. स्वावलंबन आहे हे."

—

"एकवीस तारखेचं काय, घाईत हात घसरतो. कारकुनी चूक. हे दुरुस्तीपत्र आहे, फक्त सही. एकसष्टचे साठ करू. साठ तर बरोबर आहेत?"

"साठही खोटे आहेत," व्हर्ना म्हणाली.

कीथचं गाजर तोंडात अर्ध्यावर राहिलं.

लेनोर मान कलती करून व्हर्नाकडे पाहत राहिल्या. आजारी माणसाला भेटायला गेलेलं माणूस पाहतं तसं.

"खोटं हा फार जड शब्द झाला. आणि मी आपलं सहज विचारते: वहीत अक्षर कुणाचं आहे?"

लेनोरनी एक डोनट कागदी रुमालावर ठेवून व्हर्नापुढे सरकवला. वरची साखर उबेने सुटायला लागली होती, रुमालाला डाग पसरत होता. व्हर्ना त्या डागाकडे बघत बसली. जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं. भुकेचं नव्हे, दुसरं.

"गुरुवारी दुपारपर्यंत दिलंत तरी चालेल," लेनोर म्हणाल्या. "निवृत्तीला किती राहिलीत तुमची? अडीच वर्षं ना? छान काळ असतो तो."

बुधवार, १४ जानेवारी. १०.२०. आई. पालकांच्या विनंतीवरून.

फोन तिने बुधवारीही केला.

हे लपवण्यात अर्थ नाही. कीथ दारात उभा राहिला, तिने फोन उचलला, आणि तिचा आवाज आपोआप गोड झाला. मध चाटवल्यासारखा. ट्रिना, आज तिला नेलंस तर बरं. पलीकडे धुलाईखान्याची घरघर. हं, येते. बस. एवढ्यावर भागलं. फोन ठेवल्यावर व्हर्नाने तळहात स्कर्टला पुसला, मग पुन्हा पुसला. बावीस वर्षं या आवाजाने तिने घाबरलेल्या मुलांना शांत केलं होतं. आता तोच आवाज घेऊन ती एका बाईला रोज सकाळी मशीनवरून उठवत होती, आणि वर लिहीत होती की बाईनेच हौसेने मागून घेतलं.

ती डेलियाला आणायला दुसरीच्या वर्गात गेली. लेनोरनी सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. डेलिया दारापाशी जमिनीवर बसली होती. बर्फाची विजार, बूट, टोपी, सगळं चढवून. घाम फुटून केस कपाळाला चिकटलेले. वर्गात बाई गोष्टीचं मोठं पुस्तक उघडत होत्या. गोष्ट साडेदहाला असते. बाकीची मुलं गालिच्यावर सरकत सरकत जागा धरत होती.

डेलियाने पुठ्ठा वर केला आणि पुस्तकाच्या चित्रावर बोट ठेवलं. मग गालिच्याकडे पाहिलं. पुन्हा बोट.

"उद्या," व्हर्ना म्हणाली.

डेलियाने तिच्याकडे पाहिलं. ऑक्टोबरपासून तिला कितीदा उद्या सांगितलं असेल कोण जाणे. तिने पुठ्ठा खाली ठेवला, बाही दातांत घेतली आणि उठली. पळाली नाही, रडली नाही. एखादं आज्ञाधारक कुत्रं उठतं तशी उठली, आणि हा विचार मनात आला म्हणून व्हर्नाला स्वतःचीच शिसारी आली.

मारिबेल जिन्यात भेटली, पाचवीकडे निघालेली.

"बाई, तो वरचा खुर्च्यावाला दोन दिवस आलेलाच नाही," ती हळूच म्हणाली. "फ्लू आहे त्याला. मी तिथे बसून पेन्सिली करतेय टोकदार."

"कीथला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, वेळापत्रक एकदा बदललं की पुन्हा बदलणं अवघड जातं."

व्हर्ना कचेरीत परतली. दुरुस्तीपत्र टेबलावर होतं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असे शब्द होते त्यात, आधीच टाइप केलेले. विनंतीही त्यांनीच लिहायची, निष्काळजीपणाही त्यांनीच लिहायचा. लोकांनी फक्त येऊन सही करायची. तिने पत्र उताणं करून त्यावर कॉफीचा कप ठेवला.

गुरुवार, १५ जानेवारी. १०.२०. आई. पालकांच्या विनंतीवरून.

चार वाजता, मंडळाच्या सभागृहात.

निवडून आलेले सात सदस्य अर्धगोल टेबलामागे बसले होते. प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास आणि चिमुकला ध्वनिक्षेपक. सुरुवातीला अध्यक्षांनी नेहमीचा परिच्छेद वाचला: हे शहर ज्या मूळनिवासी लोकांच्या भूमीवर उभं आहे, त्यांचे आम्ही कृतज्ञतापूर्वक स्मरण करतो. ट्रिनाची आई त्याच लोकांतली, आजीही. ट्रिना समोर आठ फुटांवर बसली होती. वाचून होईपर्यंत अध्यक्षांनी कागदावरून डोळे उचलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "आता तक्रारीकडे वळू."

सुनावणीचा वृत्तान्त नंतर प्रसिद्ध झाला. त्यात व्हर्नाला विचारलेले प्रश्न आहेत. उत्तरांच्या जागी 'सविस्तर चर्चा झाली' असं आहे. उत्तरं ही होती:

हो, अक्षर माझं.

नाही, हात घसरला नाही. बघा ना, पाचही ओळी सारख्या आल्यात. घसरलेला हात इतका सुबक लिहीत नाही.

सोमवारी सकाळी. सगळा आठवडा. नोव्हेंबरपासून. आधी रोजच्या रोज लिहायचे, मग म्हटलं, होणारच आहे तर कशाला थांबायचं.

नाही. ट्रिनाने एकदाही विचारलं नाही. फोन मी करते.

कीथच्या सांगण्यावरून. तो दारात उभा राहतो. त्याला लेनोर सांगतात. लेनोरना कोण सांगतं ते मला माहीत नाही. मला वाटत होतं तुम्ही.

नाही, पत्रावर सही करणार नाही. त्यावर कॉफी सांडलीय.

नको, पाणी नको.

मागे कुणीतरी खाकरलं. कीथ पहिल्या रांगेत बसला होता आणि स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. एका सदस्य बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते सगळ्यांना दिसेल अशा बेताने टिपलं.

"ट्रिना," त्या म्हणाल्या, "मला तुला सांगायचंय की आम्ही तुला ऐकलं. मनापासून ऐकलं."

"बरं झालं," ट्रिना म्हणाली. "मग उद्या किती वाजेपर्यंत बसवता तिला?"

बाईंनी ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं. लाल दिवा विझला. मग सातही जण आतल्या बंद खोलीत विचारविनिमयाला गेले. दार उघडलं तेव्हा आत चीजचे तुकडे, बिस्किटं आणि द्राक्षं मांडलेली दिसली.

शुक्रवार, १६ जानेवारी. १०.२०. आई. पालकांच्या विनंतीवरून.

निर्णय शुक्रवारी दुपारी आला. ट्रिनाला पत्राने, शाळेला प्रत.

मंडळाने कुटुंबाचे म्हणणे आदरपूर्वक ऐकले. नोंदींतील त्रुटींबद्दल मंडळास खेद आहे. विद्यार्थिनीची उल्लेखनीय प्रगती लक्षात घेऊन तिचा शाळेतील वेळ तीस मिनिटांनी वाढवण्यात येत आहे. पुढील आढावा एप्रिलमध्ये. कचेरीतील कर्मचाऱ्यांना नोंदलेखनाचे प्रशिक्षण देण्यात येईल.

तीस मिनिटं. दहा वीसचे दहा पन्नास. साठ दिवस, एक खोटा दिवस, एक सुनावणी, सात ग्लास पाणी, त्याची तीस मिनिटं.

प्रशिक्षण म्हणजे चाळीस मिनिटांची चित्रफीत निघाली. निळ्या कोटातली एक बाई हसत हसत सांगत होती की प्रत्येक नोंदीमागे एक मूल असतं. शेवटी प्रश्न: कारण अचूक लिहिणे महत्त्वाचे का? चार पर्याय. व्हर्नाने 'वरील सर्व' वर टिचकी मारली. पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला आणि प्रशस्तिपत्र आलं, तिचं नाव घातलेलं. कीथ दारातून डोकावून म्हणाला, "पूर्ण गुण? मस्त." त्याला खरंच आनंद झाला होता. प्रकरण मिटलं असं त्याला वाटत होतं. आणि तसं ते मिटलंही होतं, म्हणून तर व्हर्नाला घरी जाऊन जेवण गेलं नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं, सूप बिघडलंय का. नाही, म्हणाली, सूप चांगलं आहे.

सोमवार, १९ जानेवारी. डेलिया अ‍ॅलेक, दुसरी. नेण्याची वेळ:

पुढचे रकाने कोरे.

दहा पस्तीसला कीथ दारात येऊन उभा राहिला.

"व्हर्ना, ट्रिनाला एक फोन करतेस?"

"तू कर."

"काय?"

"फोन. तू कर ना."

"माझ्याकडे तिचा नंबर नाहीये." तो हसला. "तीन महिन्यांत कधी लागलाच नाही."

व्हर्नाने पटावरचं कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं, काउंटरवरचा फोन त्याच्याकडे फिरवला, आणि वही उघडून पेनसकट त्याच्याकडे सरकवली. कीथने आजूबाजूला पाहिलं. बाकावर पोटदुखीचं निमित्त केलेली तिसरीतली एक मुलगी बसली होती. ती टक लावून बघत होती. त्याने नंबर फिरवला.

जुना फोन, पलीकडचा आवाज अख्ख्या कचेरीला ऐकू यायचा.

"हॅलो?"

"ट्रिना, मी कीथ बाल्डरसन. शाळेतून."

घरघर एकदम थांबली. तिने मशीन बंद केलं असावं.

"काय झालं? डेलियाला काय झालं?"

"नाही, नाही. काही नाही झालं. ती मजेत आहे. गालिच्यावर बसून गोष्ट ऐकतेय."

"लागलंय का तिला?"

"नाही गं. अगदी ठीक आहे."

"मग तुम्ही फोन कशाला केलात?"

कीथने व्हर्नाकडे पाहिलं, फोनवर तळहात धरला आणि कुजबुजला, "काय म्हणायचं असतं? तू काय म्हणतेस रोज?"

"मी ते आता म्हणत नाही."

"अगं, पण शब्द काय असतात?"

व्हर्ना पोटदुखीवालीकडे वळली आणि तिला थर्मामीटर दिला.

"हॅलो?" पलीकडून ट्रिना म्हणाली. "मिस्टर बाल्डरसन, मी काय करावं असं तुमचं म्हणणं आहे? सावकाश सांगा. मी लिहून घेतेय."

कीथच्या मानेपासून कानांपर्यंत लाली चढत गेली. पेन त्याने हातात घेतलं होतं. ते कोऱ्या रकान्यावर तसंच धरलेलं.

"काही नाही," तो म्हणाला. "चुकून लागला."

फोन ठेवला.

"मग ती आहे इथे," व्हर्ना म्हणाली. "अडीचला शाळा सुटेपर्यंत. मारिबेलला खाली बोलाव."

"मारिबेल पाचवीत आहे. तो परत आलाय आज. तिला नाही हलवता यायचं."

"मग तू जाऊन बस."

"मी? व्हर्ना, मला अकराला बैठक आहे."

"तिला गोंगाट चालत नाही. बाही चावायला लागली की बोलू नकोस, नुसता शेजारी बस. शौचाला जायचं असलं की पुठ्ठ्यावर दाखवेल. पुसावं लागतं."

दुसरीच्या वर्गातून एक चिरकी, लांब किंकाळी आली, मग बाईंचा आवाज, मग खुर्च्या सरकल्या. कीथ वळला आणि शर्टाच्या बाह्या दुमडत मार्गिकेतून निघाला. दारातून वळताना त्याचा चेहरा व्हर्नाला दिसला: कुणीतरी ओकलंय आणि फडकं आपल्या हातात आलंय, तसा.